साप स्वतःच्या विषाने का मरत नाही?

श्रावण शुद्ध पंचमीला बडोद्यातल्या मराठी घरांत नागोबाची पूजा होते. पाटावर चंदनाने काढलेला नाग, दूध, लाह्या, पुरणाची दिंडं. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही. मग पंधरा दिवसांनी, वद्य पंचमीला, शेजारच्या गुजराती घरांत नागपांचम येते ती बाजरीच्या पिठात तूपगूळ घालून केलेली कुलेर घेऊन. एकाच गल्लीत नागाला दोन पंचम्या मिळतात. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी रविवारी सकाळी मुलांना जीवशास्त्र शिकवते, आणि विषारी प्राण्यांचा धडा मुद्दाम या दोन पंचम्यांच्या मध्ये घेते. तेव्हा सापाचा विषय घरोघरी निघालेला असतो, आणि पाऊस झाला की बिळांत पाणी शिरून साप खरोखरच बाहेर पडलेले असतात. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा मगरी आणि साप सोसायट्यांच्या जिन्यापर्यंत आले होते. माझ्या वर्गातल्या मुलांना ते कोणी सांगावं लागत नाही.

सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "काकू, नागाच्या तोंडात एवढं विष असतं, तर तो स्वतः कसा मरत नाही? आणि विष टोचलेला उंदीर तो अख्खा गिळतो, तेव्हा?"

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर सगळा धडाच शिकवावा लागतो. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

आधी शब्दांची अडचण. मराठीत आपण सगळ्यालाच विष म्हणतो: धोत्र्याचं बी, उंदीर मारायचं औषध, नागाचा दंश, विंचवाची नांगी. मुलांना विषारी प्राण्यांची यादी करायला सांगितली की बडोद्यातली मुलं पहिलं नाव मगरीचं लिहितात. मगर माणूस मारू शकते, पण तिच्यात विष नाही. ती जबड्याच्या ताकदीने मारते. म्हणून धोकादायक आणि विषारी हे दोन रकाने आधी वेगळे करायचे.

मग विषारीमध्येही दोन जाती. त्यासाठी मी मुलांना एकच गोष्ट विचारते: विष पोचवायला कोण गेलं? नाग, विंचू, मधमाशी, गोम यांच्याकडे विष तयार करणारी ग्रंथी असते आणि ते दुसऱ्याच्या अंगात घालायचं साधनही असतं. दात, नांगी किंवा आकडी. हे टोचायचं विष. दुसरीकडे रुईच्या झुडपावर एक केशरी फुलपाखरू दिसतं, प्लेन टायगर. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात, तीच पानं या फुलपाखराची अळी खाते. रुईच्या चिकातली विषं तिच्या अंगात साठतात आणि पुढे फुलपाखरातही राहतात. एखाद्या पक्ष्याने ते खाल्लं तर त्याला उलटी होते आणि पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. फुलपाखरू कोणाला काही टोचायला गेलं नाही. ते अंगातलं विष. आजचा धडा फक्त टोचायच्या विषाचा.

सापाचं विष म्हणजे मुळात लाळ. सापाच्या विषग्रंथी या लाळग्रंथींच्याच जातीच्या आहेत, आणि विषात बहुतांश प्रथिनं असतात. कोणी डाळीत प्रथिनं असतात म्हणेल, तशीच ही प्रथिनं, फक्त त्यांची घडण फार नेमकी. इथे त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. प्रथिन पोटात गेलं की पचतं. उंदराबरोबर नागाच्या पोटात गेलेलं विष अंड्याच्या पांढऱ्यासारखं पचून जातं. विषाला काम करायचं असेल तर ते रक्तातून आणि शरीरातल्या पाण्यातून ठरलेल्या जागी पोचावं लागतं, आणि त्यासाठी कातडी फोडून आत जावं लागतं. (यावर कोणीतरी लगेच "मग विष प्यायलं तर चालेल?" असं विचारतंच. नाही चालणार. तोंडात, हिरडीला, अन्ननलिकेत कुठे जखम असेल ते आपल्याला दिसत नाही.)

सापाला हे सगळं का लागतं, तेही मुलांना सांगायला हवं. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, आणि भक्ष्य मात्र नखं-दातांचं. झटापट झाली तर उंदीर सापाचा डोळा फोडू शकतो. घोणस यावर सोपी वाट काढते. ती एकदा चावते, सोडून देते आणि थांबते. उंदीर थोडं अंतर पळून पडतो, आणि घोणस दुभंगलेल्या जिभेने वास टिपत त्याच्या मागावर जाते. तिचे लांब विषदंत एरवी टाळूला घडी घालून ठेवलेले असतात आणि चावताना पुढे येतात, इंजेक्शनच्या सुईसारखे पोकळ. नागाचे दात आखूड आणि जागीच ठाम असतात. माणूस मात्र यांचं कोणाचंच भक्ष्य नाही. आपल्याला होणारा दंश भीतीपोटी झालेला असतो, आणि विष तयार करायला सापाला शक्ती खर्चावी लागत असल्यामुळे काही वेळा तो विष न सोडताच नुसता चावतो. कडूलिंबाचा पाला चावून किंवा मंत्र घालून उतरलेली विषं बरीचशी अशी न टोचलेलीच असतात.

आता विष नेमकं काय करतं? इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथून पुढचं सगळं समजतं.

तुम्ही हात उचलायचं ठरवता तेव्हा मेंदूतून निघालेला निरोप मज्जातंतूंमधून स्नायूपर्यंत येतो. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये अगदी बारीक फट असते. तंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं, ते फट ओलांडून स्नायूवरच्या ठरलेल्या खाचांत बसतं, आणि स्नायू आखडतो. तंतूचं टोक म्हणजे पोस्ट ऑफिस, रसायन म्हणजे पत्र आणि स्नायूवरची खाच म्हणजे पत्रपेटी, असं समजा. श्वास घेण्यासाठी छातीखालचा पडदा हलतो तोही याच टपालावर.

नागाच्या विषातली लहान लहान प्रथिनं त्या पत्रपेटीच्या तोंडावर जाऊन घट्ट बसतात. पत्र सुटतं, पण पेटीत पडत नाही. पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि त्याला श्वास घेता येत नाही. मण्यार आणखी मागे जाते, ती पोस्ट ऑफिसच उद्ध्वस्त करते. तिच्या विषातली काही प्रथिनं तंतूच्या टोकात शिरून पत्रांचा साठाच नष्ट करतात आणि टोकाला इजा करतात. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. पण नागाच्या दंशात पत्रांची संख्या वाढवणारं औषध दिलं तर काही पत्रं कोपऱ्याकापऱ्यातून पेटीत पडतात आणि रुग्ण सुधारतो. मण्यारीच्या दंशात नेमकं ते फारसं चालत नाही. तंतूचं टोक पुन्हा उभं राहायला दिवस लागतात आणि तोवर व्हेंटिलेटरने श्वास चालू ठेवावा लागतो. हे कळलेला मुलगा "विष उतरवतो" म्हणणाऱ्या माणसाला विचारू शकतो, की तू कुठलं टपाल दुरुस्त करणार?

मण्यारीबद्दल आणखी सांगायला हवं, कारण ती घरात येते. गुजरातीत तिला काळोतरो म्हणतात. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूणही सापडत नाही आणि दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, आणि घरचे म्हणतात काल जेवण बाधलं. मग पापण्या मिटायला लागतात. पावसाळ्यात सकाळी पोटदुखी आणि त्यासोबत डोळे उघडायला त्रास, एवढं एकत्र दिसलं की ओवा-सोडा देत बसायचं नाही. गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारीवरचा फार चांगला उपाय आहे, आणि तो डासांवरही चालतो.

मुलं इथे कवड्याचा विषय काढतात. कवड्या बिनविषारी, पण दिसायला मण्यारीसारखा. मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे फिकट होत जातात, कवड्याचे उलट. हे मी सांगते, पण लगेच पुढचंही सांगते: हा फरक चित्रातला आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात कोणी हा फरक तपासायला वाकायचं नाही.

घोणशीला गुजरातीत खडचितळो म्हणतात. हिचं विष टपालाकडे फारसं जात नाही, ते रक्ताकडे जातं. डिवचली की कुकरसारखी फुत्कारते, म्हणून मुलांना ती लगेच लक्षात राहते. रक्त गोठवण्याची यंत्रणा म्हणजे पूर अडवायला रचून ठेवलेली वाळूची पोती. जिथे गळती असेल तिथे ती लावायची. घोणशीच्या विषातली प्रथिनं ही यंत्रणा जागोजागी विनाकारण सुरू करतात. जिथे पाणी नाही तिथे सगळी पोती लागून जातात, बारीक गुठळ्या ठिकठिकाणी होतात, आणि खरी गळती होते तेव्हा गोदाम रिकामं. मग हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून रक्त थांबत नाही. मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. फुरसं घोणशीहून पुष्कळ लहान, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करणारं, पण तेही याच वाटेने जातं. फक्त पोत्यांच्या रांगेत ते वेगळ्या ठिकाणी हात घालतं.

हे ओळखायची एक तपासणी मला फार आवडते, कारण तिला कसलंच महागडं यंत्र लागत नाही. रुग्णाचं दोन मिलीलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, न हलवता वीस मिनिटं ठेवायचं आणि मग ट्यूब तिरपी करायची. रक्त गोठलं असेल तर गोळा जागेवर राहतो. पाण्यासारखं वाहिलं तर पोती संपलेली आहेत. खेड्यातल्या दवाखान्यातही हे होऊ शकतं. यात काच महत्त्वाची, प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण रक्त गोठायला सुरुवात होते ती काचेच्या स्पर्शाने. आणि ज्या विषाने माणसाचं रक्त गोठणं थांबतं, तेच घोणशीचं विष थेंबभर घेऊन प्रयोगशाळांत रक्ताच्या एका आजाराची तपासणी करतात. विष एका ठरलेल्या ठिकाणीच बोट ठेवतं, म्हणूनच ते तपासणीला उपयोगी पडतं.

विंचवाशिवाय हा धडा पुरा होत नाही. मुलांना वाटतं मोठा काळा विंचू, म्हणजे इंगळी, जास्त वाईट. बहुतेक वेळा उलट असतं. ज्याचे पंजे जाडजूड तो भक्ष्य पंज्यांनी धरतो; ज्याचे पंजे किरकोळ आणि शेपटी जाड त्याची सगळी मदार नांगीवर. आपल्याकडचा तांबडा विंचू दुसऱ्या प्रकारातला. त्याचं विष मज्जातंतूंमधली बारीक दारं उघडी अडकवून ठेवतं, त्यामुळे निरोप थांबतच नाहीत. शरीरात ॲड्रेनलिनचा लोंढा येतो. घामाने अंथरूण भिजतं, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठतं. कोकणात महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून हे सगळं टिपलं आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या त्या गोळीने सैल होतात. विंचवाने दगावणारी मुलं वाचायला लागली, त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यातून जगाला मिळालेल्या या उपचाराची गोष्ट मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी माझाच गळा भरून येतो.

मधमाशीवर मी थोडक्यात जाते. तिची नांगी म्हणजे मूळचा अंडी घालायचा अवयव, म्हणून डंख फक्त मादीच मारते. नांगीला उलटे आकडे असतात. ती आपल्या कातडीत अडकते आणि विषाच्या पिशवीसकट तुटते, माशी मरते, पण पिशवी काही वेळ विष सोडतच राहते. म्हणून नांगी कशानेही, पण ताबडतोब काढायची. त्याच वेळी तिथून केळ्यासारख्या वासाचं रसायन सुटतं, ते इतर माश्यांसाठी हल्ल्याचं आमंत्रण. आग्यामोहोळ उठलं तर तिथे थांबून हात झाडायचे नाहीत, तोंड झाकून पळायचं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. नागाचं विष नागाच्याच रक्तात उतरलं तर? नागाच्या स्नायूंवरच्या पत्रपेटीची घडणच थोडी बदललेली आहे, त्याचं स्वतःचं प्रथिन तिच्यावर नीट बसत नाही. मुंगसाचीही तशीच. मुंगूस लढाई झाल्यावर रानात जाऊन कुठलीशी मुळी खातं ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली. मुळीची गरज नाही, त्याची पत्रपेटीच वेगळी आहे. पण विषाचं प्रमाण फार झालं तर मुंगूसही मरतं, म्हणून ते इतकं चपळ असतं.

माणसाची पत्रपेटी बदलता येत नाही, तेव्हा विष पेटीपर्यंत पोचण्याआधी पकडावं लागतं. १८९१ साली व्हिएतनाममध्ये पुरामुळे नाग एका गावात शिरले आणि अनेकांना चावले. सायगॉनला असलेल्या आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने त्यानंतर नागाच्या विषावर काम सुरू केलं आणि काही वर्षांत प्रतिविष तयार झालं. पुराच्या शहरातल्या मुलांना हा भाग वेगळा समजावावा लागत नाही. पद्धत आजही तीच: घोड्याला विषाची अगदी लहान मात्रा वाढवत वाढवत द्यायची, त्याच्या रक्तात विष पकडणारी प्रथिनं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करायची. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकत्र चालतं, म्हणून साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायची गरज नसते. त्यासाठीचं विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या, १९७८मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतं. पण घोणस तमिळनाडूची वेगळी आणि आपल्याकडची वेगळी, दोघींच्या विषातली प्रथिनं तंतोतंत सारखी नसतात. म्हणून वलसाड जिल्ह्यातल्या धरमपूरला गुजरातच्या वनविभागाने सर्पसंशोधन संस्था काढली, ती मला फार महत्त्वाची वाटते.

विषातून औषधंही निघाली. ब्राझीलमधल्या एका सापाच्या दंशाने रक्तदाब एकदम खाली येतो. सर्जिओ फेरेरा या शास्त्रज्ञाने त्यातला कारणीभूत घटक शोधला, आणि त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध तयार झालं. १९८१पासून ते वापरात आहे. त्याच कुळातली पुढची गोळी वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आजोबांच्या डब्यात सापडेल.

शेवटचा तास मी हातांनी करायला ठेवते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. यातली पुष्कळशी दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. म्हणून मुलं जोडीजोडीने बसतात. एक दंश झालेला, एक मदतनीस. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढायचं, कारण सूज येते. मोडलेला हात लाकडाला बांधतात तसा दंशाचा हात फूटपट्टी आणि ओढणीने सैलसर बांधून स्थिर करायचा, कारण हलणारा स्नायू विष पुढे ढकलतो. दोरीने करकचून आवळायचं नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. रुग्णाला चालवायचं नाही. १०८ला फोन, आणि ज्या दवाखान्यात प्रतिविष आहे तिथेच थेट.

या वेळी आठवीतल्या एका मुलीने हात बांधून झाल्यावर कंपासमधून पेन काढलं आणि मैत्रिणीच्या मनगटावर लिहिलं, "चावला १०:२०". माझ्या यादीत ते नव्हतं. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, आणि घाबरलेल्या घरात ते कोणालाच आठवत नसतं. थोड्या वेळाने तिने त्याच्या खाली दुसरी ओळ लिहिली, "१०:३५ सूज इथपर्यंत", आणि पेनाने एक रेघ ओढली.